एकही फाटा नसलेलं साम्राज्य

लोक प्रवासवर्णन लिहायला बसले की पहिल्याच ओळीत सूर्य उगवतो. आम्ही नाशिकच्या सिडकोतून निघालो तेव्हा सूर्य समोरच्या बिल्डिंगमागं होता. दिसला नाही. काही अडलं पण नाही.

मी आठवी पास. निफाडकडच्या साखर कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला, आता घरी असतो. हे मी बोलतोय आणि मोबाईल लिहितोय, तेव्हा चुका मोबाईलच्या.

माझा धाकटा भाऊ दिलीप, त्याची मुलगी सोनल. एकोणतीस वर्षांची. अंबडला एका कंपनीत मशीनच्या पार्टांची ड्रॉइंगं काढते. पोरगी हुशार, पण डोक्यात एक खूळ. पुण्याचे काही लोक पटावर खेळायचा एक खेळ काढतायत. त्यात वाफेवर चालणारी जहाजं आकाशात फिरतात आणि एक सम्राट सगळ्या ग्रहांवर राज्य करतो. साम्राज्याचं नाव बाष्पमंडल. नुसतं वाफ म्हटलं असतं तर काय कर लागला असता? या साम्राज्याचा नकाशा काढायचं काम सोनलला मिळालं. बारा वस्त्या. तिनं तेवढ्यावर नोकरीचा राजीनामा दिला.

पुण्याच्या लोकांनी पहिला नकाशा परत पाठवला. खाली शेरा होता, गावं खोटी वाटतात. दुसरा नकाशा सोमवारपर्यंत द्यायचा, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि कंपनीचा साहेब म्हणाला होता की राजीनामा मागं घ्यायचा असेल तर तोही सोमवारपर्यंतच. म्हणजे सोमवारी एकतर हे नाहीतर ते. म्हणून तिनं ठरवलं, शनिवार-रविवार खरी गावं बघून यायची.

दिलीप माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दादा, तू तिच्यासोबत जा. तुझं ऐकते ती. रस्त्यात जरा गार पाणी ओत तिच्या डोक्यावर."

मी हो म्हटलं. मलाही ते सगळं फालतूच वाटत होतं.

निघताना तिनं नकाशा दाखवला. बारा ग्रह, बांगड्या मांडल्यासारखे गोल. प्रत्येकावर किल्ला आणि घड्याळाचा मनोरा. मधोमध राजधानी तेजोनगर, तिथं सोन्याचा राजवाडा. मी विचारलं, पाणी कुठंय? ती म्हणाली, कसलं पाणी? म्हटलं, बाई, वाफेचं राज्य आहे ना तुझं, मग वाफ काय हवेतून येते? विहीर नाय, तळं नाय, नळाला भांडण नाय. स्मशान नाय, उकिरडा नाय. माणसं राहतात का नुसते मनोरे राहतात?

तिनं नकाशा गुंडाळला. गाडी तीच चालवत होती. माझी जुनी व्हॅन, एसी नाही. काच खाली केली की एसी.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. नाष्टा घरून करून निघा. नाशिकच्या बाहेर पडलं की प्रत्येक वळणावर चुलीवरची मिसळ आहे. चूल दाराशी फोटोसाठी पेटवलेली असते, मिसळ आत गॅसवर होते. मिसळीला बांबूची झोपडी आणि बैलगाडीचं चाक कशाला लागतं, मला कळत नाही.

पहिला थांबा सायखेडा. चांदोरीवरून गेलं की तास लागत नाही. गोदावरीच्या काठावर मोठं गाव. पात्रात पाणवेली एवढ्या की नदी आहे का कोथिंबिरीचा वाफा ते समजू नये. पूर आला की पाणी बाजारात शिरतं. सोनल एका हार्डवेअरच्या दुकानात शिरली. मालक साठीचा, टेबलफॅनसमोर बसलेला. तिनं विचारलं, काका, दरवेळी पाणी येतं तर गाव वर का नाही नेत?

तो म्हणाला, "पाणी दोन दिवस येतं ताई. गिऱ्हाईक वर्षभर येतं."

मग त्यानं दुकान दाखवलं. खालच्या दोन फळ्यांवर नुसती लोखंडी घमेली, पाईप आणि प्लॅस्टिकचे ड्रम. सिमेंट, रंग, वायर सगळं वरती. त्याच्या बापानं लावलेली पद्धत. भिजलं तरी पुसून विकता येईल तेच खाली. सोनलनं तिथंच पायरीवर बसून वही काढली. मला वाटलं पाच मिनिटांत उठेल. बसली तीन-चार तास. मी तोवर घाटावर दोन चकरा मारल्या, दोनदा चहा घेतला आणि एका म्हाताऱ्याशी उगाच वाद घातला की पूल जुना चांगला होता का नवा.

परत आलो तर तिनं अख्खा नकाशा नव्यानं मांडलेला. गाडीत मी तिला एक नियम सांगितला होता, बॉयलरची आग चालू कामात कधी विझू द्यायची नाही. तो धरून तिनं जहाजांचे रस्ते आखले. सगळी जहाजं ग्रहापासून ग्रहापर्यंत पेटती, वाटेत जागोजाग कोळशाचे साठे. मी म्हटलं, आता जरा बरं दिसतंय. मला वाटलं, चला, आपण शिकवलं. बत्तीस वर्षांचा अनुभव काय वाया जातो.

पिंपळगावला हायवे लागला की मालेगावपर्यंत रस्ता चांगला, फक्त टोल आणि ट्रक. एक सूचना, मालेगावला शुक्रवारी जाऊ नका. शुक्रवारी कापडाचे माग बंद असतात आणि बंद मालेगाव बघण्यात अर्थ नाही. आम्ही शनिवारी पोचलो. अख्खं गाव खडखड वाजत होतं. गल्लीत सायकली, रिक्षा, सुताचे गठ्ठे, आणि घराघरातून मागांचा आवाज. इथं लोक एकमेकांशी ओरडून बोलतात, भांडत नसतात. सोनलला सुरुवातीला वाटलं भांडतायत.

मला तिला सायझिंग दाखवायचं होतं. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, ते खळीचं पाणी आणि सुकवायचे रूळ वाफेवर तापवतात. म्हणजे चालू बॉयलर, खरा. एका सायझिंगच्या गेटवर वॉचमन आडवा आला. मी म्हटलं, मीपण बॉयलरवाला. गेट उघडलं. बॉयलरवाल्यांची जात एकच.

आत रशीदभाई होते. पन्नाशीचे, बनियनवर, कमरेला पुसायचं फडकं. भट्टीत लाकूड सारत होते पण नजर गेज ग्लासवर. गेज ग्लास म्हणजे बॉयलरला लावलेली उभी काचेची नळी, आतलं पाणी किती ते तिच्यात दिसतं. मी सोनलला सांगितलं, बॉयलरवाल्याचं सगळं आयुष्य या काचेत. पाणी दिसतंय तोवर सगळं ठीक. दिसेनासं झालं तर पहिली आग भट्टीबाहेर ओढायची. घाबरून वरून गार पाणी सोडलं तर तापलेला बॉयलर फुटतो, माणसं जातात.

रशीदभाईंनी मान हलवली. मग सोनलनं त्यांना आपला नकाशा दाखवला आणि विचारलं, हा बॉयलर आकाशात नेला तर चालेल का? मला लाज वाटली. म्हटलं, आता हा माणूस हसणार.

रशीदभाई हसले नाहीत. फडक्यानं हात पुसले, काचेकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "चाचा, काच में पानी कायको दिखता? पानी नीचे बैठता, स्टीम ऊपर. उधर आसमान में नीचे किधर है?"

मी वर छताकडं बघितलं. ते पुढं म्हणाले,

"पानी तो गोले बनके घूमेगा. काच झूठ बोलेगी. चालू में आग रखी तो गया जहाज."

बत्तीस वर्षं मी ती काच बघितली. झोपेतसुद्धा बघितली. पाणी खाली का बसतं हे एकदाही मनात आलं नाही. सोनल माझ्याकडं बघत होती. म्हणाली, आप्पा, तुम्ही पहिल्यांदाच गप्प बसलात. रशीदभाईंनी चहा मागवला, बेकरीची नानखटाई मागवली आणि पुढचंही सांगून टाकलं. जिथं जमीन आहे, वर-खाली आहे, तिथं उतरून पेटवायचं. प्रेशर बनवून जहाजाला एक धक्का द्यायचा, मग आग विझवून नुसतं वाहत जायचं, पुढच्या जमिनीपर्यंत. मी विचारलं, तुम्ही हे कुठं शिकलात? तर म्हणाले, अभी सोचा.

म्हणजे सायखेड्याच्या पायरीवर केलेलं सगळं काम गेलं. माझ्या नियमापायी. लॉजवर नऊशेची एक अशा दोन खोल्या घेतल्या, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, चादरी बऱ्या. सोनलनं अर्धी भाकरी ताटातच सोडली. मलाही शेवभाजी तिखट लागली नाही, यावरून समजा.

रविवारी सटाणा, देवळा करून कळवण. रस्ता मधेमधे खराब, पण डोंगर दोन्ही बाजूला आणि गर्दी कमी. वाटेत तिनं मोबाईलवर एक गाव हेरलं होतं, तिला लहान वस्ती बघायची होती. पाटी आली, आम्ही उतरलो. चहाची टपरी, पंक्चरवाला, मोबाईल रिचार्ज, कांद्याच्या रिकाम्या गोण्या, बसची वाट बघणारी पाच-सहा माणसं. सोनल फोटो काढायला लागली, छान आहे म्हणे गाव.

टपरीवरची बाई हसली. म्हणाली, "गाव कोठे शे आठे? गाव मझार शे, चार किलोमीटर. हाऊ तं फाटा शे." अहिराणीत शे म्हणजे आहे, मझार म्हणजे आत.

गावाचं नाव मी सांगत नाही. तुम्ही जाऊन तिथं रील करणार.

सोनलला फाटा माहीत नव्हता असं नाही. नाशिकची पोरगी, जन्मभर फाट्यावर उतरली असेल. पण नाव एक आणि गाव आत, हे तिनं नकाशात कधी धरलंच नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या अख्ख्या आकाशात एकपण फाटा नाही. सम्राट राजवाड्यात बसला असेल, पण माणूस उतरतो कुठं? गाडी थांबते तिथं पहिली टपरी पडते. मग पंक्चरवाला. मग आतला माणूस फाट्यावर प्लॉट घेतो. वीस वर्षांनी आत म्हातारे उरतात आणि गाव बाहेर येतं.

ती चहाचा ग्लास हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आप्पा, जहाजं पेटवायला उतरणार तिथं फाटा."

मी म्हटलं, चहा गार होतोय.

कळवणला तासभर होतो. बघण्यासारखं काय आहे असं विचारणाऱ्यांनी जाऊ नये. राजवाडा नाही, मनोरा नाही, सेल्फी पॉइंट नाही. तरी आजूबाजूची सगळी गावं इथं येतात. सातबारा, बियाणं, दवाखाना, लग्नाचा बस्ता, आणि दर दहा पावलांवर झेरॉक्स. सोनल झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबून हसत सुटली. तेजोनगरचा सोन्याचा राजवाडा तिनं तिथंच खोडला. राजधानीत आता अर्ज लिहून देणारे बसतात. सम्राटाच्या सहीचा कागद तिथंच मिळतो म्हणून लोक येतात, सम्राट दिसला नाही तरी चालतो.

वणीच्या पुढं गाडी बाजूला घेऊन तिनं विचारलं, "तुम्हाला पप्पांनी पाठवलंय ना?"

"हो."

"मग दोन दिवस झाले. सांगा की काय सांगायचं ते."

मी पाठ करून आणलेलं होतं. पक्की नोकरी, पीएफ, लग्नाचं वय, पुण्याच्या लोकांचा काय भरवसा. तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं. म्हटलं, "काचेत पाणी दिसतंय का तुला?"

तिनं मागच्या सीटवरचा नकाशा एकदा उलगडून बघितला. "कमी आहे. पण दिसतंय."

"मग चल. दिंडोरीला पेट्रोल टाकू."

पेट्रोल दोन्ही दिवसांचं मिळून दोन हजारांत झालं.

घरी पोचलो तर दिलीप माझ्या ओट्यावर बसलेला. सोनल आत गेल्यावर म्हणाला, "ओतलं का गार पाणी?"

मी म्हटलं, "तापलेल्या बॉयलरवर गार पाणी ओतत नाहीत. आठवी पास आहे मी, एवढं मला कळतं."

तो उठून गेला. दोन दिवस बोलला नाही. सोमवारी सोनलनं नकाशा पाठवला आणि राजीनामा तसाच ठेवला. बुधवारी पुण्याहून उत्तर आलं, नऊ वस्त्या पास, तीन पुन्हा काढा, काम तुमच्याचकडं. मला एवढा आनंद नाही झाला, कारण अजून तीन आहेत. आणि आकाशातल्या जहाजांचं मला अजूनही काही पटलेलं नाही. पण रोज दाढी करताना ग्लासातलं पाणी बघतो आणि ते खाली बसलेलं असतं, तेवढा त्रास कायमचा लागला.

गुरुवारी दिलीप माझ्याकडं चहाला आला, सोनल आधीच आलेली. नकाशा टेबलावर पसरलेला. आधी बघितलं नाही, मग खिशातून चष्मा काढून लावला. एका ओसाड दगडावर सोनलनं टपरी, कोळशाचा ढीग आणि उभी जहाजं काढली होती, खाली लिहिलं होतं, फाटा. नाव नव्हतं. आतलं गाव अजून काढायचंय, ती म्हणाली. दिलीपनं बोट ठेवून बराच वेळ शोधलं आणि मग मला विचारलं, "दादा, इथं पाणी कुठून येतं रे?"

मी म्हटलं, "कुठून येणार? टँकरनं."