चार ट्रे घोळ

जमिनीवर पसरून ती झाकून टाकणाऱ्या झाडाला आमच्या परभणीकडं एकच नाव होतं, तण. ते दिसलं की बाया ओळीनं खाली बसायच्या आणि खुरप्यानं मुळासकट काढायच्या. सातवीत शाळा सोडून मी त्याच ओळीत बसलो, त्यामुळं या विषयातलं माझं शिक्षण म्हटलं तर पूर्ण झालेलं आहे. नवी मुंबईत आल्यावर कळलं, की त्यालाच इकडं ग्राउंड कव्हर म्हणतात, ते विकत आणतात आणि आणायच्या आधी आठवडाभर मोबाइलवर त्याचे फोटो बघतात.

मी तेव्हा पावणे एमआयडीसीत एका वर्कशॉपात खोकी भरत होतो. वर्कशॉप बंद पडलं आणि ओळखीच्या ओळखीनं मी करावे गावातल्या एका शेठकडं आलो. शेठचे वडील खाडीत जाळं टाकायचे. शेठच्या तीन बिल्डिंगी आहेत. राहायला बंगला, बंगल्यापुढं अंगण आणि बंगल्यामागं एक खोली. शेठनी मला विचारलं, "गावचा हायेस ना? मग झाडाबिडांचं कलत असंल." मी म्हणालो, "कळतं." नाही म्हणालो असतो तर खोली मिळाली नसती, एवढं मला सातवीपर्यंतच्या शिक्षणातही कळत होतं.

अशी ती खोली मिळाली. भाडं नाही, त्याऐवजी गेट सांभाळायचं आणि अंगण हिरवं ठेवायचं. बायको सीवूड्सला दोन घरी स्वयंपाक करते. मुलगी नववीत, शाळा चालत दहा मिनिटांवर. आमच्या घराण्यात नववीपर्यंत पोचलेली ती पहिली, म्हणून त्या दहा मिनिटांना मी फार जपतो. शेठचे उपकार मी कधी विसरत नाही. विसरायची सोयही नाही, कारण ते स्वतःच आठवण करून देतात.

आधी अंगणात लॉन आली होती. टेम्पोतून, सतरंज्या गुंडाळून आणाव्यात तशी. दोघांनी उलगडली, वरून पाणी मारलं आणि गेले. त्या अंगणाचं खरं रूप फक्त मला माहीत होतं. वर वीतभर लाल माती, खाली सगळा भराव. फरशीचे तुकडे, लोखंडाच्या तारा, एके ठिकाणी अर्धा कमोड. त्याच्याही खाली खाडीचा खारेपणा. तीन आठवड्यांत लॉनचा रंग तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा झाला. शेठ रोज सकाळी तिच्यावर उभे राहून दात घासायचे. एक दिवस ब्रश तोंडातून काढून म्हणाले, "भाऊ, पोरीची हलद महिन्यावर आली. तोपर्यंत अंगन हिरवं दिसलं पायजे. नायतर तू खोली खाली कर, मी दुसरा मानूस बघतो. टेन्शन नाय घ्यायचा, आधीच सांगून ठेवतो."

टेन्शन घेऊ नकोस असं कोणी म्हटलं, की मला जेवण जात नाही.

झाडं निवडायचं काम शेठच्या सुनेकडं होतं. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. त्या ऑफिसला जातात, गाडी स्वतः चालवतात आणि माझ्याशी नीट बोलतात, हे मी आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात ते दिसणार नाही. रविवारी त्या मला घेऊन रस्त्याकडेच्या एका नर्सरीत गेल्या. "काका, आपल्याला लो मेन्टेनन्स काहीतरी हवंय," त्या म्हणाल्या. लो मेन्टेनन्स म्हणजे ज्याच्याकडं आपण बघितलं नाही तरी ते तक्रार न करता जगतं. मला वाटतं, मलाही त्याच कारणानं ठेवलं असावं.

नर्सरीवाल्यानं वेडेलिया दाखवली. पिवळी फुलं, भराभर पसरते. वहिनी म्हणाल्या, "ही तर डिव्हायडरवर असते." रस्त्यावर जे फुकट दिसतं ते घरात चालत नाही. मग रिओ दाखवला, पानं वरून हिरवी, खालून जांभळी. "फोटोत मळकट येतो." मग मेक्सिकन गवत, त्याचे असे उंचवटे होतात, की म्हशीच्या पाठीवर चालल्यासारखं वाटतं. "काका, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. मला वाटत होतं, की हळदीला पाचशे माणूस नाचणार आहे, तिथं जमिनीवर दगड लावावेत. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल ते." शेवटी त्यांनी मोबाइल पुढं केला. गुलाबी, केशरी फुलांची चादर, आणि तिच्यावर एक परदेशी कुत्रं. "पोर्टुलाका. हेच." नर्सरीवाला म्हणाला, "मंगळवारी माल घरपोच."

मंगळवारी चार ट्रे आले तेव्हा घरात मी आणि शेठच्या आई, दोघंच होतो. ट्रेवरचा कागद काढला आणि मी खाली बसलो. लाल देठ, थेंबासारखं जाडसर पान, चिमटीत दाबलं की पाणी. फुलं रंगीत होती, पण पान मला फसवणार नव्हतं. ही तर घोळ! अख्ख्या लहानपणी खुरप्यानं उपटलेली, बांधावर फेकली तरी तिथं रुजणारी, रात्री आईनं डाळीत शिजवलेली घोळ. आता ट्रेत बसून, टेम्पोतून, माझ्याच हातानं लावून घ्यायला आली होती. मला हसूही आलं आणि जरा बरंही वाटलं. एवढ्या मोठ्या गावात मला ओळखणारं कोणीतरी आलं होतं.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. मी मोठ्यानं बोलतो, आमच्याकडं सगळेच मोठ्यानं बोलतात.

"हो वहिनी, आली. घोळ आलीय! चार ट्रे. एकदम ताजी, टवटवीत. नाही नाही, कोमेजत नसते. आत्ता सगळी अंगणात पसरतो आणि वरनं पाणी मारत राहतो. हळदीपर्यंत मस्त राहील बघा."

शेठच्या आई, म्हणजे आजी, त्या वेळी गेटमधून बाहेर पडत होत्या. रिक्षा उभी होती. उरणच्या मोऱ्याला त्यांचं माहेर, तिथं हळदीचं आमंत्रण द्यायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या, माझ्याकडं बघून हसल्या. आठ महिन्यांत माझ्याकडं बघून पहिल्यांदा. मग रिक्षात बसल्या.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला तेव्हा माहीत नव्हतं. खाडीकाठच्या माणसाला घोळ म्हटलं की भाजी आठवत नाही. त्याला मासा आठवतो. मोठा, महागडा मासा, ज्याच्या पोटातली पिशवी म्हणे परदेशात जाते. जाळ्यात घोळ आली की त्या घरचा माणूस आठवडाभर ताठ चालतो. आणि आजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, की त्यांच्या नातीच्या हळदीला चार ट्रे घोळ आलीय, ताजी आहे, आणि अंगणात पसरून वरनं पाणी मारणार आहेत.

दुसऱ्या दिवशी शेठला फोन यायला लागले. मी अंगणात पाणी घालत होतो, त्यामुळं शेठचं बोलणं कानावर पडत होतं. पहिला फोन मोऱ्याच्या मामाचा असावा. शेठ आधी गोंधळले. "घोल?" मग पलीकडून बरंच काहीतरी कौतुक झालं असणार, कारण शेठची छाती हळूहळू वर आली. "हा, मग! एकच तर पोरगी हाय आपली. लोकं कोलंबीवर भागवतात, आपलं तसं नाय." दुसरा फोन आला तेव्हा ते गोंधळले नाहीत. तिसऱ्याला त्यांनीच सांगितलं. कशाचं कौतुक होतंय हे न विचारता ते घेऊन टाकायचं, हा मोठ्या माणसांचा गुण मी तेव्हा जवळून पाहिला.

दुपारी आजी परतल्या. रिक्षातून उतरल्या त्या सरळ माझ्याकडं.

"घोल कुठं ठेवलीस रं? बर्फात हाय ना?"

मी अंगणाकडं हात केला. "ही काय आजी. सगळी धरली बघा. एक पण मेली नाही."

आजींनी अंगण पाहिलं. मग मला पाहिलं. मग पुन्हा अंगण. "ए घाट्या, मस्करी करतस काय?"

एवढ्यात शेठ फोन हातात घेऊन बाहेर आले. "आये, घोल कोनी आनली? मला कोन सांगंल काय?"

"ह्यानं. फोनवर बोलत व्हता. चार ट्रे आली बोलला, ताजी हाय बोलला. आनि आता ह्यो पाला दाखवतंय मला."

"तू काय बोललास?" शेठनी मला विचारलं.

"घोळ."

"म्हंजे?"

"ही शेठ. ही घोळ. तण असतं आमच्याकडं."

"तनाला घोल कोन बोलतं?"

"आमच्याकडं सगळेच बोलतात."

"मग जा तुमच्याकडं," शेठ म्हणाले.

मला पुढं गप्प बसता आलं असतं. पण भीती वाटली की माझं तोंड जास्त चालतं. मी म्हणालो, "शेठ, भाजी चांगली होते हिची. डाळ घालून."

आजी वाकल्या, एक पान खुडलं, तोंडात टाकलं, चावलं. "आंबट हाय," एवढंच म्हणाल्या. मग मुलाकडं वळल्या. "मी मोऱ्याला घरोघर सांगून आलंय. जे लग्नाला येत नाय ते पन हलदीला येतंय. आता घोल नाय वाढली तर लोकं काय बोलतील? शेठ झाला आनि हलदीला पाला वाढला?"

"तू कशाला सांगितलंस पन?"

"आनि तू फोनवर हा हा कुनाला बोलत व्हतास? मला मामानं सांगितलं ना."

शेठनी कोणावर चिडायचं ते ठरवलं आणि त्या माणसाकडं, म्हणजे माझ्याकडं, बघून म्हणाले, "हलद झाली की बोलू खोलीचं."

खोलीवर गेल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला गप बसायला काय होतं?"

"मी फक्त भाजीचं नाव घेतलं."

"मग ते तरी कामून घेतलं? हिरवं झाड आलं म्हणायचं."

पुढच्या तीन आठवड्यांत शेठनी घोळ मासा कुठून आणि कसा मिळवला ते मला माहीत नाही. दोन-तीनदा पहाटे गाडी घेऊन जाताना दिसले, परतताना चेहरा आंबलेला. मी मात्र अंगणावर जीव टाकला. सकाळ-संध्याकाळ पाणी, मोडलेल्या फांद्या पुन्हा खोचायच्या. घोळीला लाड आवडत नाहीत, पण माझा नाइलाज होता. भराव, खारी माती, अर्धा कमोड, काहीही तिच्या आड आलं नाही. हळदीच्या आदल्या दिवशी भिंतीपासून गेटपर्यंत तळहाताएवढीही माती दिसत नव्हती. दहा वाजले की गुलाबी, केशरी फुलं उघडायची. वहिनींनी फोटो काढले. म्हणाल्या, "काका, सेम टू सेम." कुत्रं तेवढं नव्हतं.

हळदीच्या सकाळी मांडववाला आला. त्यानं अंगण बघितलं आणि माणसांना हाक मारली. हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या कार्पेटचे गठ्ठे उतरले आणि भिंतीपासून गेटपर्यंत अंथरले गेले. घोळीवर.

"अहो, खाली झाडं आहेत!" मी म्हणालो.

"म्हणून तर," तो म्हणाला. "पावण्यांच्या पायाला चिकट लागंल."

मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "फोटो काढलेत ना काका आपण."

संध्याकाळी बेंजो लागला आणि पाचशे माणूस त्या कार्पेटवर नाचलं. मोऱ्याचे तर सगळेच आले होते. जेवणात घोळ होती. प्रत्येकाच्या ताटात बोटभर तुकडा, पण वाढणाऱ्याच्या मागं आजी स्वतः उभ्या होत्या आणि प्रत्येक तुकड्याचं नाव मोठ्यानं घेत होत्या, त्यामुळं तो मोठा वाटत होता. कोणी एक बिल्डर पाहुणे कार्पेटवर बूट आपटून म्हणाले, "शेठ, लॉन काय मेन्टेन केलीय! एकदम हिरवीगार."

"मानूस ठेवलाय त्यासाठी," शेठ म्हणाले आणि माझ्याकडं बोट केलं. मी नमस्कार केला. प्लास्टिकसाठी मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

लग्न झालं, पोरगी सासरी गेली, कार्पेट उचललं. खालची घोळ चेपून पिवळट पडली होती. मी खोलीचं बोलायला गेलो. शेठ ओट्यावर दोन पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. विषय घोळीचाच चालला होता. शेठ सांगत होते, "मी तर महिन्याआधीच ठरवलेलं. पोरीच्या हलदीला घोलच. आयेला पन सांगितलं नव्हतं." मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. पाहुणेही माझ्याकडं बघायला लागले. "काय रं भाऊ? तुला तर आधीच बोललो व्हतो ना मी?"

अख्ख्या गावात खरं काय ते सांगू शकणारा मी एकटाच बाहेरचा होतो. आजी सांगणार नव्हत्या, वहिनी सांगणार नव्हत्या.

"हो शेठ," मी म्हणालो. "तुम्हीच तर म्हणाला होतात. नर्सरीत जायच्याही आधी."

शेठनी चहा संपवला. "खोलीच्या भिंती खराब झाल्यात तुझ्या," ते म्हणाले. "पावसाआधी कलर मारून घे."

मी खोलीवर येऊन बायकोला सांगितलं. मुलगी अभ्यास करत होती, तिनं मान वर केली.

"राहा म्हणाले का?" बायकोनं विचारलं.

"कलर मार म्हणाले."

"मग झालं की. जाणाऱ्याला कोणी कलर मारायला सांगतं का?"

तिचं बरोबर असावं. तरी मी कलरचा डबा लहानच आणला.