खंडेनवमीला पुजलेली रायफल

नीला जुलैत गेली आणि आठवडा उलटायच्या आत मुरलीधर कामावर हजर झाला. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या डगच्या शेडमध्ये तो कित्येक वर्षं फिटर होता. मूळचा पुण्याचा, खडकीचा. बायको गेली तरी रडला नाही, की दोन घास कमी जेवला नाही. कुणी विचारलं की "ऑल गुड" म्हणायचा आणि कानस उचलायचा. लोकांना कळवायचं कामसुद्धा दूर केलीव्हिलला राहणाऱ्या लेकीनं, नुपूरनं, फोनवरून उरकलं. याच्या तोंडून ते काही निघालं नव्हतं.

सप्टेंबरात हाइडी आली. गावाबाहेर शेती करणारी, पन्नाशीची बाई. तिचा बाप तरुणपणी जर्मनीहून इथं आलेला. तो वारल्यावर शेडचं छप्पर उतरवताना तिला गोणपाटात गुंडाळलेली रायफल सापडली. जुनी जर्मन, शिकारीची, सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की दुसरी आपसूक चढून बसणार. असलं हत्यार साध्या माणसानं बाळगायचे दिवस या देशात केव्हाच संपले.

"पोलिसांकडे दिली तर चुरा होणार," डग म्हणाला. "परवानावालं एक म्युझियम घ्यायला तयार आहे. पण आतलं यंत्र अस्सल हवं नि मोकळं चालायला हवं. अडलं, तर ते हात लावणार नाहीत."

हाइडी मुरलीधरकडे वळली. "डॅडचं एवढंच राहिलंय, मर्ली. बाकीचं भाऊ विकून मोकळा झाला."

"नो वरीज," मुरलीधर म्हणाला.

त्यानं रायफल खोलली. असलं यंत्र त्यानं आजवर नुसतं ऐकलं होतं. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, तोंडाशी दोन्ही बाजूंना करंगळीच्या नखाएवढे दोन रोलर. बोल्ट बंद झाला की ते बाहेर सरकून नळीच्या मागच्या खाचांत बसतात. बार उडाला तरी लगेच जागा सोडत नाहीत. आतला दाब उतरेस्तोवर बोल्टला रोखून धरतात, मग आत सरकतात आणि बोल्ट मागे धावतो. असलं काही हाती लागलं की पूर्वी तो जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावायचा. "अगं, ऐक तर खरं." आणि नीला म्हणायची, "भाजी करपतेय, लवकर बोला." आता त्यानं रोलर पुसले, तेल लावलं, फडक्यावर ठेवले. छान यंत्र होतं. एवढंच.

खंडेनवमीला सकाळी नुपूरचा फोन आला.

"बाबा, आज हत्यारांची पूजा. आई करायची ना, शेडवर येऊन? या वर्षी तुम्ही करा. प्लीज."

"करतो."

"नुसतं 'करतो' नका म्हणू हं. मला फोटो हवाय."

नीला यायची तेव्हा तो बाहेर डगबरोबर चहा पीत उभा असायचा. ती आत काय नि कसं करते हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती आधी उघडी यंत्रं बंद करायला लावून, पुसून घ्यायची आणि व्हाइसला, ड्रिलला वरून एकेक बोट लावायची. यानं कुंकू पाण्यात कालवलं आणि बाकावर जे जे मांडलं होतं त्याला बोट लावत गेला. खुल्या बोल्टला लावलं, दोन्ही रोलरांनाही लावलं. फोटो पाठवला. आज हत्याराला हात लावायचा नाही, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं, म्हणून घरी गेला. दसरा उलटल्यावर न पुसताच सगळं जोडून टाकलं.

म्युझियमची बाई आली ती थेट पुढच्या आठवड्यात. तिनं बोल्ट मागे ओढला, सोडला. तो अर्ध्यात अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

"सॉरी," ती म्हणाली. "हे तर जाम आहे."

हाइडीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मर्ली, तू तर म्हणालास..."

"चूक माझी. जरा थांबा," मुरलीधर म्हणाला.

त्यानं तिथंच बोल्ट उघडला. तेल आणि कुंकू मिळून रोलरांभोवती तांबडा लगदा वाळून बसला होता.

"गंज?" हाइडीनं विचारलं.

"गंज नाही, कुंकू. आमच्यात वर्षातनं एकदा हत्यारांची पूजा असते, त्याचं."

"आयला, तू रायफलीला मेकअप केलास?" डग त्याच्याकडूनच शिकलेल्या शिवीसकट ओरडला. कुणीच हसलं नाही.

मुरलीधरनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. हात चालू होते आणि तोंडही चालू झालं, कुणी विचारलं नसताना. "हे माझी बायको करायची. तिला कळायचं कुठं लावायचं नि कुठं नाही. मी कधी पाहिलंच नाही. ती असती तर हे झालं नसतं. ती गेली. जुलैमध्ये."

डगनं टोपी काढली. त्याला ठाऊक होतं, पण ते नुपूरकडून.

रोलर घासूनपुसून परत बसवले. म्युझियमच्या बाईनं बोल्ट ओढून सोडला, तो खाडकन जागेवर जाऊन बसला. तिनं चारदा करून बघितलं. "ही घेऊ आम्ही," ती म्हणाली.

हाइडी रडायला लागली, भरल्या शेडमध्ये, नाक पुसत. मुरलीधर तिच्याकडे बघत राहिला. आपल्यालाही काही येतंय का, याची त्यानं जरा वाट पाहिली. आलं नाही. फक्त घसा कोरडा पडला होता, पुष्कळ बोलल्यावर पडतो तसा.

"नाव काय होतं तिचं?" हाइडीनं विचारलं.

"नीला," तो म्हणाला. मग स्टूल ओढून तिच्या शेजारी टेकला.