हात पुढं केल्याबगर न्हाय

आमच्या घरी एक करार झाला होता आणि तो कागदावर नव्हता. नवरा रेल्वेत कारकून, कागदाशिवाय त्याचं पान हलत नसे. त्याने कागद काढला होता, पेनात शाई भरली होती. पण मुलीला सांभाळायला जी बाई आली होती ती जमिनीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "कागद कशाला? कागद काय पोरीला न्हाऊ घालतोय व्हय?" पेन परत खिशात गेलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवरा सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीला जाई, दिवेलागणीला परते. मी शाळेत शिक्षिका. मुलगी सात महिन्यांची झाली तोवर माझी रजा वाढवून वाढवून संपली होती. सासूबाई जेऊरची शेती आणि म्हशी सोडून येणार नव्हत्या, माझी आई हयात नव्हती. सोमवारी रुजू झाले नाही तर माझ्या जागी घेतलेल्या बाई कायम होणार होत्या. नोकरी मला हवी होती, आणि मुलगी परक्याच्या हाती द्यायला मन धजत नव्हतं. आपली मुलगी आपल्याला विसरेल, ही एकच भीती मला खात होती. ती कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती.

या बाईला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. अक्कलकोटकडची, पन्नाशीची, कपाळावर विभूती. बोलणं मराठीत, राग मात्र कानडीत. मी वर्गात नियम सांगावेत तशा माझ्या अटी सांगितल्या. दूध उकळूनच द्यायचं. पोरीसमोर मिश्री लावायची नाही. गालभर काजळ फासायचं नाही. चहाचा थेंबही तिच्या तोंडात जाता कामा नये. प्रत्येक अटीवर अव्वा "बरं की" म्हणत होती. इतक्या सहज, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग तिची पाळी आली. "भांडी मी घासनार न्हाय. पोर म्हंजे पोर. आन् संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंत मला बोलवायचं न्हाय, तवा मी माज्या बापाचीबी न्हाय."

"बरं," मी म्हणाले.

"आनि शेवटचं. पोरीनं हात पुढं केल्याबगर तिला माज्याकडनं घ्यायचं न्हाय. मीबी तुमच्याकडनं तसं घेनार न्हाय."

मला हसू आलं. पण ती हसत नव्हती. मागच्या घरी काय झालं ते तिने सांगितलं. तिथल्या मालकिणीशी तिचं काहीतरी बिनसलं, आणि मालकिणीने तिच्या कडेवरून मुलाला ओढून घेऊन दार लावलं. "त्ये किंचाळलं बाई. दाराच्या आतनं. अजून कानात हाय माज्या."

एवढं बोलून तिने माझ्या मांडीवरच्या मुलीपुढे दोन्ही हात धरले आणि तशीच थांबली. मुलीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग आमची ही निर्लज्ज कन्या खुशाल तिच्याकडे झेपावली. करार झाला.

माझ्या अटींचं काय झालं ते लगेच सांगून टाकते. पंधरवड्यात मुलीच्या गालावर रुपयाएवढा काजळाचा टिळा आला आणि एकदा झबल्यावर चहाचा डाग दिसला. विचारलं तर अव्वा म्हणाली, "माजा सांडला." डाग बरोबर गळ्यापाशी होता! मी फणकारले, ती कानडीत काहीतरी पुटपुटली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गोडीत.

तिची शेवटची अट मात्र मला फार जड गेली. संध्याकाळी मी शाळेतून अक्षरशः पळत येई. अव्वा पायरीवर बसलेली असे, मुलगी मांडीवर. मी हात पसरायची आणि मुलगी तोंड फिरवून अव्वाच्या मानेत लपायची. गल्लीतल्या बायका बघायच्या. एका संध्याकाळी माझा तोल सुटला. "माझी मुलगी आहे ती, द्या इकडे!"

अव्वा जागची हलली नाही. "मग बोली कशाला केली?"

मी तरातरा आत जाऊन रडले. थोड्या वेळाने ती दारात आली. "बाई, तुमी आल्या आल्या तिच्यावर झडप घालताय. घाबरती की लेकरू. हात धुवा, च्या प्या, तिच्याकडं बघूच नका."

मी चहा घेतला, पाठ फिरवून बसले, भुईमुगाच्या शेंगा सोलत राहिले. बऱ्याच वेळाने पाठीला काहीतरी ओलं लागलं. मुलगी रांगत आली होती आणि माझा पदर चोखत होती. मी वळले, तिने हात वर केले. त्या दिवशी तिला घेताना मला जो आनंद झाला, तो तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. तेव्हा मी अर्धमेली होते, हेही खरं.

पुढे ती गल्लीच्या वळणावरूनच मला ओळखून हात हलवू लागली.

मुलगी चार वर्षांची झाली, बालवाडीत जाऊ लागली. आणि अव्वाच्या लेकीचे दिवस भरत आले. अव्वाला आता लेकीच्या गावी जायचं होतं, कायमचंच. तो रविवार होता. दुपारी मुलगी जेवून झोपली होती, अव्वाचं गाठोडं दाराशी होतं. नवरा हळूच म्हणाला, "झोपलीय तोवर निघा, अव्वा. उगाच रडारड नको."

अव्वाने त्याच्याकडे रोखून बघितलं. "झोपंत न्हाय, दादा. बोली हाय." आणि ती पायरीवर बसून राहिली. तिची एसटी निघून गेली.

मुलगी उठली, डोळे चोळत तिच्या मांडीवर चढली. अव्वाने तिला सगळं सांगितलं. माज्या लेकीला बाळ हुनार हाय, मी तिकडं चाल्ले. मुलीने तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. मग विचारलं, "ते बाळ पण हात पुढे करणार?"

"व्हय. पर तितं मी असाय पायजे की, त्याला घ्यायला."

मुलीने विचार केला. मग ती माझ्याकडे वळली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

मीही हात पसरले. बोलीप्रमाणे आता ती माझी होती. पण अव्वाचे हात सुटेनात. ती मुलीला धरून तशीच बसली होती, नजर खाली. इतकी वर्षं दुसऱ्याला थांबायला लावणारी ही बाई, आणि आता तिलाच सोडवत नव्हतं. त्या क्षणी मला ती फार फार आवडली.

मी हात खाली घेतले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"अहो," मी नवऱ्याला विचारलं, "पुढची एसटी किती वाजता आहे?"