मुळासकट वजन

अमली पदार्थांच्या छाप्याला पोलीस शक्यतो सरकारी नोकर पंच म्हणून नेत. हे लोक कोर्टात उलटत नाहीत, असा त्यांचा अनुभव. मी तेव्हा त्र्यंबकेश्वरला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. दोन हजारनंतरची गोष्ट. मला डोंगरातल्या एका पाड्यावर नेलं.

नागलीच्या शेताच्या कडेला एका माणसाने गांजाची झाडं लावली होती. गावात साधूंच्या चिलमी भर रस्त्यात पेटत, त्यांना हटकायची कुणाची छाती नव्हती. पण वरून केसेस मागितल्या जात होत्या. मग साधूंना माल देणारा हा सापडला.

झाडं उपटली. मुळांना ओला चिखल लगडलेला, तसाच भारा काट्याला टांगला.

"सायेब, माती तरी झटका," तो म्हणाला.

"शेत तुझं, मग माती काय माझी?" हवालदार म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

काटा वीस किलोंच्या पुढे गेला. त्यापुढे किमान दहा वर्षं, आणि जामीन जवळजवळ नाहीच. कायद्याने गांजा म्हणजे फक्त फुलोरा, हे मला नंतर समजलं. पण चिखल म्हणजे गांजा नव्हे, एवढं तेव्हाही समजत होतं. मी पंचनाम्यावर सही केली.

नाशिकच्या कोर्टात साक्षीच्या दिवशी त्याची बायको व्हरांड्यात बसली होती. "दादा, तुमी व्हते ना तिथं? तुमी सांगा मंग."

"बघतो," म्हणालो.

आत त्याच्या वकिलाने विचारलं, मुळं आणि माती काढून वजन केलं का? मी "हो" म्हणालो. खात्याची नोटीस, पेन्शन, एवढंच डोक्यात होतं.

त्याला दहा वर्षांची शिक्षा लागली. काही दिवसांनी ती पत्ता विचारत माझ्या घरी आली. आतलं बोलणं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच्या बाजूने बोललो, पण जजने ऐकलं नाही, असं ती धरून चालली होती. अपिलासाठी वकील कोण गाठू, विचारत होती. बरोबर पिशवीभर तांदूळ आणले होते. मी ते ठेवून घेतले. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

अपील सुनावणीला यायच्या आधीच तो तुरुंगात वारला. ती पुढे द्राक्षबागांच्या मजुरीला गेली म्हणतात. गेल्या वर्षी त्या पाड्यावर जाऊन आलो. तिचा ठावठिकाणा सांगणारं कुणी भेटलं नाही. जिला सांगायला हवं होतं ती सोडून आता सगळ्यांना सांगतो आहे.