डाव्या हाताची मतं

टीव्हीवर देशभरातल्या गायकांची स्पर्धा चालली होती. नातीने हात पसरला, "आजी, तुझा मोबाइल दे ना, माझं मत देऊन झालं!"

आमच्या वेळी याच स्पर्धेला पोस्टकार्डाने मत जायचं, माणशी एकच. मी शहाणीने सोळा नावांनी सोळा कार्डं लिहिली, निम्मी डाव्या हाताने. प्रत्येकावर न चुकता 'सा. न. वि. वि.' आणि खाली आमच्याच घरचा पत्ता!

माझी गाणारी थोडक्यात हरली. कार्डं बाद करणारा हसला असेल का? त्यातलं माझं एक खरं मत तरी त्याने धरलं असेल का? अजून वाटतं, विचारावं कुणाला तरी.

"एकदाच दाब हं," मी नातीला बजावलं आणि आजोबांचा मोबाइल शोधायला उठले.