क तुकडीचं स्मरणचित्र

दुपारी मुख्याध्यापिकेने खुर्चीत डोळे मिटू नयेत असा काही शासन निर्णय अजून निघालेला नाही. तरी हेमलता घाटगे कधी तसं करत नाहीत. आज मात्र त्यांना डुलकी लागते आहे. डोक्यावर पंखा करकरतो आहे, पलीकडच्या वर्गातून सतराचा पाढा ऐकू येतो आहे आणि समोर टेबलावर एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी पडली आहे. चौदा नावं, सगळी अ तुकडीची. पाच वाजता वेबसाइट बंद होणार, त्याआधी सही हवी. सही काही होत नाही. पेन खाली ठेवून त्यांनी पेन्सिल हातात घेतली आहे, नुसताच चाळा.

क तुकडीतलं एकही नाव यादीत नाही, कारण नियमच तसा आहे आणि तो बाईंनीच केलेला आहे. ज्याच्याकडे रंग, ब्रश, बोर्ड असं स्वतःचं साहित्य असेल त्यानेच परीक्षेला बसायचं. क च्या मुलांकडे ते नसतं, म्हणून त्यांचा चित्रकलेचा तास गणिताला. निकाल वर जायला हवा ना! बरं, ही आणि पुढची इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि त्या गुणांची ज्यांना गरज तीच पोरं बाहेर. हे बाईंना कळत नाही असं थोडंच आहे? कळतं म्हणून तर डोळा नीट लागत नाही.

पाढा सतरा सक्कं एकशे दोनवर येतो आणि तिथेच अडकतो.

दारातून तोडकर सर आत येतात. शाळेचे कलाशिक्षक धोंडिराम तोडकर. गेल्या श्रावणात वारले, त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. काखेत प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आहे, पँट दोन्ही पायांवर दुमडलेली.

"बाई, पाणी भरून ठेवलंय का? पोरांना रंगाला लागंल," ते म्हणतात.

"ठेवते, सर," बाई म्हणतात आणि उठतात. ऑफिस लांबलचक झालं आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा आहेत, आणि दोन खाटांच्या मध्ये एकेक बाक. हा तर सरकारी दवाखान्यातला वॉर्ड! शेवटच्या खाटेवर सरच पडले आहेत, हाताला सलाईन लावलेलं. आणि सरच बाकांमधून फिरत प्रत्येक बाकावर एकेक कागद ठेवताहेत. बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. बाक रिकामे आहेत, एवढंच त्यांना खुपतं.

"पोरं कुठायत?" सर विचारतात.

"येतील."

"क ची पोरं म्हणतोय मी. तुम्हीच सांगितलंत ना, फॉर्म भरले म्हणून?"

सांगितलं होतं. याच वॉर्डात, याच खाटेजवळ उभं राहून. सरांनी मनगट धरून विचारलं होतं, क च्या पोरांचे फॉर्म भरले का, आणि बाईंनी बेधडक सांगितलं होतं, भरले. सरांचा चेहरा असा काही उजळला होता की विचारू नका. तिसऱ्या दिवशी ते गेले.

"मी बोलावून आणते," बाई म्हणतात आणि धावत सुटतात. क चा वर्ग टोकाला, पाण्याच्या टाकीमागे पत्र्याखाली आहे. पण टाकी काही येत नाही. जिना लागतो, मग पुन्हा जिना, मग एसटी स्टँड. फलाटावर मुलं ओळीने बसली आहेत, सगळी पाठमोरी.

"ए मुलांनो! चला, पेपर सुरू होतोय!"

एकही मान वळत नाही.

"अहो, नावं घेऊन हाका मारा की," मागून सर म्हणतात.

बाई तोंड उघडतात. एक नाव येईल तर शपथ! पहिल्या मुलीच्या वेणीला लाल रिबीन आहे, तिच्या शेजारच्याचा सदरा खांद्यावर उसवला आहे. नाव मात्र नाही. गाडी लागते, मुलं उठून चढायला लागतात. बाईंना रडू फुटतं.

"राहू द्या. तुम्हीच बसा पेपरला," सर म्हणतात.

बाई बाकावर बसलेल्या आहेत. प्रश्नपत्रिकेवर एकच ओळ आहे. स्मरणचित्र, विषय : क तुकडीचा वर्ग. त्या काढायला लागतात. एक डोकं, दुसरं डोकं, एक वेणी, कान. हात भराभर चालतो, थांबवावा म्हटलं तरी थांबत नाही.

"चेहरे राहिले," सर वाकून बघतात.

"आठवत नाहीत."

"पाहिलेत कधी?"

"सर, मी खोटं बोलले तुमच्याशी. फॉर्म भरले नव्हते."

"मला बरं वाटावं म्हणून?"

हो म्हणणं किती सोपं होतं! "नाही," बाई म्हणतात. "तुम्ही मनगट सोडत नव्हता आणि मला घरी जायचं होतं."

सर रागावत नाहीत, बरं म्हणत नाहीत. हातातल्या उरलेल्या प्रश्नपत्रिका उलट्यापालट्या करत राहतात. "मग एवढ्या मी कुणासाठी आणल्यात?" ते विचारतात, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहतात.

"मॅडम! साडेचार झाले."

दारात क्लार्क उभे आहेत, जंगम भाऊसाहेब. बाई दचकून सरळ होतात. पाढा थांबलेला आहे. बोटांत पेन्सिल आहे, टोक पार झिजलेलं. यादी पालथी पडली आहे आणि तिच्या कोऱ्या पाठीवर ओळीने डोकी काढलेली आहेत. वेण्या आहेत, कान आहेत. डोळे, नाक, तोंड कुणालाच नाही.

"आता हो! यादी खराब झाली की," भाऊसाहेब म्हणतात. "कुणाची चित्रं ही?"

"क ची. भाऊसाहेब, साइट उघडून बसा. नावं आणते."

"त्यांच्याकडं साहित्य कुठंय, मॅडम? आणि गणिताचा तास?"

"साहित्य शाळा देईल. तास मी बघते."

कागद घेऊन त्या पटांगण ओलांडतात, जवळजवळ पळतच. वर्ग ताडकन उभा राहतो. गणिताचे सर खडू हातात धरून बघत राहतात. मुख्याध्यापिका या वर्गात फक्त शिक्षा करायला येतात, हे सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या बाकावरची मुलगी मान खाली घालून हात आधीच पुढे करते, छडीसाठी.

"मॅडम, मी काय केलं?"

बाई तिचा हात धरून खाली करतात. "काही नाही गं. नाव सांग तुझं."

"शबनम मुलाणी."

"वर बघ, शबनम. माझ्याकडं बघ," बाई म्हणतात, आणि कागदावरच्या पहिल्या डोक्याखाली तिचं नाव लिहितात.