यानाची पलीकडची बाजू

परवा दुपारी जेवणं झाल्यावर धीर केला आणि नातीला, श्रुतीला म्हटलं, मोबाईलवर मला एक जुनं यान शोधून दे. टीव्हीच्या मालिकेतलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण खरं काय ते कळेल याचीच धास्ती होती...

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात ग्राफ भरायचो. म्हणजे चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, आणि ती कार्डं मागावर चढली की चादरीत मोर उतरायचा. शाळा सातवीत सुटलेली, पण चौकटी भरता येत होत्या.

आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. पुण्याला अक्काकडे गेलो असताना तिच्या शेजारच्या काकांकडे एक परदेशी मालिका पाहिली. काळ्या आकाशातून एक यान सावकाश सरकत गेलं... पुढून निमुळतं, मधे भोपळ्यासारखं फुगीर, मागे तीन नळकांडी, आणि अंगभर उजेडाच्या बारीक खिडक्या. ना दोर, ना चाक. माझं तोंड उघडंच राहिलं. भीतीही वाटली, एवढं मोठं धूड खाली आलं तर?

परत येऊन नरसय्याला सांगितलं. नरसय्या आमच्या कारखान्यातला जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी.

"तू काढून दे, मी करतो की," तो म्हणाला. "खंडेनवमीच्या पूजेला मागांच्या वर टांगू."

पण काढायचं कशावरून? फोटो कुठेच मिळेना. पडद्यावर यान यायचं आणि नीट पाहून होईपर्यंत निघून जायचं. शेवटी पुढच्या खेपेला बटर पेपर घेऊन गेलो. यान दिसताच उठलो आणि कागद थेट टीव्हीच्या काचेवर लावला. काचेनं कागद आपणच ओढून घेतला, बोटांना मुंग्या आल्या... आणि मागे सगळी खोली ओरडली.

"अहो पाहुणे, पतंग चिकटवताय का काचेवर?"

"अक्का, तुमच्या भावाला आवरा हो!"

अक्का लाजून स्वयंपाकघराच्या दारामागे गेली. पण मला नाकाची रेघ मिळाली होती. मग जमेल तसा जात राहिलो. एकदा पोट मिळालं, एकदा शेपूट. पुढे पुढे तर काकाच ओरडायचे, "आलं, आलं, उठा!"

परतीच्या गाडीत कागद मांडीवर जुळवत बसलो होतो. जेऊरला चढलेले एक म्हातारबा बराच वेळ निरखत होते.

"पाण्यातली मोटार हाय व्हय?"

म्हटलं, नाही, आकाशातलं यान आहे.

"आसंल की. पर तेची पल्याडची बाजू कुटं हाय?"

यान दर वेळी डावीकडून उजवीकडेच जायचं. पलीकडची बाजू कधी दाखवलीच नव्हती... आणि ती वेगळीच असली तर?

नरसय्याला हे सांगितलं तर तो हसला. "मोर किती काढतोस तू?" म्हणाला. अर्धाच. आमच्या मागावर उरलेला अर्धा आरशात दिसावा तसा आपोआप विणला जायचा. "मग हे पण तसंच," म्हणत त्यानं माझा कागद उलटा करून खिडकीला धरला. झाली दुसरी बाजू. मला पटलं, पण झोप काही येईना.

नरसय्यानं बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला. नळकांड्यांना सूत गुंडाळायचे रिकामे कोन लावले, आणि अंगाला मोराची जुनी कार्डं. भोकं होतीच, त्याच खिडक्या झाल्या. आत बल्ब सोडला. पुठ्ठा पेटेल म्हणून मी खाली पाण्याची बादली घेऊन उभा.

खंडेनवमीला सगळे माग बंद. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्या दिवशी श्वास ऐकू येत होता. नरसय्यानं बटण दाबलं... आणि मागांच्या रांगांवर ते यान उजळलं. हळूच फिरलं. अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. बायका हात जोडत होत्या. बादलीतलं पाणी पायावर सांडलं तरी मला कळलं नाही.

तेवढ्यात मालक मोठ्यानं म्हणाले, "खरं यान हुबेहूब असंच आहे बरं का, आमच्या डिझायनरनं डोळ्यांनी पाहिलंय!" मी म्हणत होतो, अहो, एकच बाजू पाहिलीय... पण बाहेर हलगी सुरू झाली होती. सगळ्या गल्लीनं ते खरं मानलं. तेव्हापासून हा काटा मनात.

परवा श्रुतीनं फोटो शोधला. मालिकेसाठी केलेलं ते मूळ मॉडेल आता परदेशात काचेच्या पेटीत ठेवलंय. मी म्हटलं, पलीकडची बाजू दाखव.

पलीकडे काहीच नव्हतं. कोरं लाकूड, लोंबणाऱ्या वायरी. ना रंग, ना एक खिडकी.

"आजोबा, ही बाजू त्यांनी केलीच नव्हती," श्रुती म्हणाली. "कॅमेरा नेहमी एकाच बाजूला असायचा."

लगेच नरसय्याला फोन लावला. आता त्याला नीट ऐकू येत नाही, दोनदा सांगावं लागलं.

"ते लोक अर्धंच केले होते?"

"अर्धंच."

आधी खोकला. मग हसू.

"अन् तू उगंच घाबरत बसलास की रे दत्तू! राहिलेलं आपण केलो की."

फोन ठेवला... अर्ध्या लाकडी यानानं मला कुठल्या कुठे नेऊन आणलं होतं. ज्यांनी ते केलं त्यांना मनातल्या मनात हात जोडले. कारखाना आता नाही, आमचं यानही कधीच पावसात भिजून गेलं. पण त्याला पलीकडची बाजू होती, ती सोलापुरात होती, आणि तिच्या खिडक्यांतून आमच्या मोराचा उजेड येत होता.